सुरुवातीचा आकडा

अमरावतीच्या न्यायालयात एकतीस वर्षे लिपिकी केल्यावर माणसाला दोन सवयी जडतात. कागद नसेल तर तो कशावरही विश्वास ठेवत नाही, आणि कागद हाती आला की त्याबाहेरच्या कशावरही ठेवत नाही. निवृत्त होऊन दर्यापूरकडच्या आमच्या गावी राहायला आलो तेव्हा या दोन सवयी, एक टंकलेखन यंत्र आणि कार्बन कागदाची चार बंडले एवढे माझ्यासोबत होते. पहिल्या वर्षातच मी तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत अनेकांना पत्रे पाठवली. गावाने माझे नाव 'हायकोर्ट' ठेवले.

ते नाव प्रथम उच्चारले आमच्या डाकवाल्याने. गावचे डाकघर त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत होते: एक टेबल, एक तराजू, एक शिक्का आणि पावतीबुक. तो माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याच वर्गातला. मी पुढे बसत असे, तो दाराजवळ. तो दाराजवळच का बसतो हे विचारावे असे मला त्या वयात वाटले नाही, पुढेही बरीच वर्षे वाटले नाही.

"काय हायकोर्ट, आज कोनाची खैर नाही?" मी लिफाफा पुढे केला की तो विचारी.

"तोला आणि तिकीट लावा. रजिस्टर."

"तोलाचं काय काम? तुमचा राग मी हातानंच तोलतो. आज चाळीस ग्राम हाये."

मग तो तराजूवर ठेवी, आणि वजन बहुधा तेवढेच भरे.

छप्पन्न साली धम्म स्वीकारल्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्याच्या वडिलांनी नाल्याच्या वळणावरची चार एकर जमीन विकत घेतली. ती कोणालाच नको होती. तिथे त्यांनी विहीर खणली आणि तिला गोडे पाणी लागले. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. कुठेही खणा, लागते ते मचूळ, पिकाला घालावे तर जमीन खराब करणारे. सगळ्या शिवारात गोडे पाणी तेवढेच. ज्या गावाने त्याच्या वडिलांना आपल्या विहिरीच्या पायरीवर पाऊल ठेवू दिले नव्हते, ते गाव पुढे पिण्याचे पाणी त्यांच्या विहिरीवरून नेऊ लागले. त्याने कोणाला अडवले नाही. ही गोष्ट काहींना पाण्यासोबत गिळावी लागे आणि ती त्यांच्या घशात अडकलेली होती, हे मला ठाऊक असायला हवे होते.

मी परतलो ती वर्षे शेतीला वाईट होती. कोणाच्या घरी काय घडले ते मी लिहिणार नाही. वर्तमानपत्रांनी त्याचे आकडे छापले. मी त्यातले काही पंचनामे गावकऱ्यांना वाचून दाखवले आहेत, आणि तेवढे माझ्या वाट्याला पुरे झाले. जे लिहायचे आहे ते पैसेवारीबद्दल.

गावात यंदा पीक किती आले हे सरकार सगळी शेते मोजून ठरवत नाही. एखादे शेत निवडायचे, त्यात दोरी आणि खुंट्या लावून एक चौकोन आखायचा, त्यातले पीक कापून, मळून, तोलायचे, आणि त्यावरून गावाचा अंदाज बांधायचा. नेहमीच्या पिकाला शंभर पैसे धरले तर यंदाचे किती पैसे, ती पैसेवारी. पन्नासच्या खाली आली तर गाव टंचाईत धरले जाते: टँकर येतो, रोजगाराची कामे निघतात, मुलांची परीक्षा फी माफ होते. पन्नासच्या वर राहिली तर गावात सर्व क्षेम आहे असे मानले जाते. म्हणून सगळे काही शेत निवडण्यावर अवलंबून. ते कोणाच्या मर्जीने निवडता कामा नये, असा नियम आहे, आणि नियम चांगला आहे.

पूर्वी आकड्यांच्या एका छापील कोष्टकावरून शेत काढत. माझ्या असे लक्षात आले की कोष्टकातून निघणारे शेत नेमके जीपच्या रस्त्याला लागून असते. मी पत्र लिहिले. नऊ पाने. मागणी एकच: निवड मानवी हाताकडून काढून घेऊन संगणकाकडे द्यावी. आठ महिन्यांनी उत्तर आले, 'आपल्या पत्रान्वये' त्या वर्षापासून निवड संगणकाद्वारे होईल. ते उत्तर मी पारावर वाचून दाखवले. पाराखाली बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. डाकवाला म्हणाला, "चला, हायकोर्टाचा एक तरी निकाल लागला."

पहिल्या वर्षी सोयाबीनच्या प्रयोगासाठी निघाले त्याचेच नाल्याकाठचे शेत. आमच्या गावाच्या वाट्याला त्या पिकाचा एकच प्रयोग येई. पाऊस भाद्रपदात दडी मारून बसला होता. माझ्या सहा एकरांत शेंगा चपट्या राहिल्या. त्याने शेंगा भरताना विहिरीचे एक पाणी दिले होते, त्याच्या शेंगा भरल्या. चौकोन कापला, तोलला. पैसेवारी पन्नासच्या वर. नशीब म्हणून सोडून दिले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच शेत. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी शिवारात सोयाबीन कापायला मजूर लावणेही परवडले नाही, लोकांनी गुरे सोडली. आणि कागदावर गाव सुखी.

गावात शेतजमिनीचे सव्वादोनशेच्या वर गट. त्यांतला एकच, सलग तीनदा. तिसरा आकडा कळला त्या रात्री मी पत्र लिहायला बसलो आणि सकाळपर्यंत अकरा पाने झाली. त्यातले एक वाक्य मला आजही पाठ आहे: "सदर निवड ही योगायोग नसून संबंधित खातेदार व कर्मचारी यांच्या संगनमताचा परिणाम आहे, असे मानण्यास सबळ कारण आहे." साक्षीपुराव्याच्या कायद्यात संशय आणि पुरावा यांतला फरक मी शेकडो पक्षकारांना समजावून सांगितला होता. स्वतःला सांगितला नाही. मी असेही स्वतःला विचारले नाही की संगनमत करून त्याला मिळणार काय. फीमाफी त्याच्या नातवंडांनाही हवीच होती, आणि टँकर आला असता तर त्याच्याच विहिरीवरचा भार कमी झाला असता. मला चोर हवा होता, आणि ज्याचे शेत हिरवे दिसत होते तो जवळ होता.

माझ्या रिवाजाप्रमाणे लिफाफा बंद करण्याआधी मी ते पत्र पारावर वाचले. डाकवाला त्या वेळी तालुक्याला थैली पोचवायला गेला होता. संध्याकाळी मी लिफाफा घेऊन त्याच्या खोलीत गेलो. त्याने विनोद केला नाही. तोलला, तिकीट लावले, शिक्का मारला, पावती फाडून दिली.

"दिवा लावायचा राहिला," एवढेच म्हणाला आणि उठला.

मला वाटले, त्याला माहीत नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत गावाने त्याच्याशी व्यवहार थांबवला. पत्रे टाकायला लोक शेजारच्या गावी जाऊ लागले. म्हाताऱ्या बाया मनीऑर्डरीचा मजकूर त्याच्याकडून वाचून घेत, त्या येईनाशा झाल्या. आणि जे इतकी वर्षे घशात अडकले होते ते पारावर मोकळेपणाने बाहेर पडू लागले. "जातीवर गेलाच शेवटी," असे एकजण माझ्यादेखत म्हणाला, आणि मी, ज्याने अनुसूचित जातींवरील अत्याचाराच्या कायद्याची कलमे टंकलिखित केली होती, चहा पीत राहिलो. एका सकाळी विहिरीपासून शेतात गेलेला पाइप पाच ठिकाणी कुऱ्हाडीने तोडलेला आढळला. पिण्याचे पाणी नेणे मात्र कोणीही बंद केले नाही.

दरम्यान मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता. संगनमत सिद्ध करायला कागद हवे होते. पौषात ते आले: निवडीच्या पद्धतीचे परिपत्रक आणि तिन्ही वर्षांच्या छापील याद्या. यादी म्हणजे गट क्रमांकांची ओळ. पहिल्या गटात ते पीक नसेल तर दुसरा घ्यायचा, दुसऱ्यात नसेल तर तिसरा. त्याच्या शेतात सोयाबीन असेच, म्हणून कधी पहिल्याच्या पुढे जायची गरज पडली नव्हती. मी याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. पहिला क्रमांक सारखा होता, ते मला ठाऊक होते. दुसराही सारखा होता. तिसराही. शेवटच्या, पंचविसाव्या क्रमांकापर्यंत तिन्ही वर्षांच्या याद्यांत एका अंकाचाही फरक नव्हता.

लाच देऊन एक क्रमांक बदलता येतो. पंचवीसच्या पंचवीस कोण कशाला बदलेल?

माझी भाची अकोल्याला एका महाविद्यालयात संगणक शिकवते. मी कागद घेऊन तिच्याकडे गेलो. तिच्याकडे भारनियमनामुळे वीज नव्हती, त्यामुळे तिने यंत्र न लावता मला वही आणि पेन्सिल दिली.

"मामाजी, कम्प्युटरले मनानं आकडा सांगता येत नाही," ती म्हणाली. "त्याच्याजवळ मनच नाही. त्याच्याजवळ फक्त हिशोबाची रीत असते. तुम्ही आता कम्प्युटर व्हा. सातानं गुणायचं, तीन मिळवायचे, शेवटचे दोन अंक ठेवायचे. आलेल्या आकड्याले परत तेच करायचं. सुरुवात सत्तावीसनं करा."

"सत्तावीसच का?"

"सांगते. करा तर खरं."

सत्तावीस साते एकशे एकोणनव्वद, अधिक तीन, एकशे ब्याण्णव. ब्याण्णव ठेवले. ब्याण्णवचे सहाशे सत्तेचाळीस, सत्तेचाळीस ठेवले. त्याचे तीनशे बत्तीस, बत्तीस. बत्तीसचे दोनशे सत्तावीस. मी पेन्सिल थांबवली. पुन्हा सत्तावीस.

"आता पुढं काय येईन?" तिने विचारले.

"ब्याण्णव."

"पाहा. ज्याले रीत माहीत नाही त्याले वाटते आकडे कसेही येऊन राहिले. घाण्याचा बैल हाये तो. खऱ्या यंत्रातला घाणा लय मोठा असते, फेरा पूर्ण व्हायले जन्म जाईन, पण फिरते तो ठरल्या वाटेनंच. तिथून निघाला की तिथूनच जाईन. म्हणून निघायची जागा दर वेळेस बाहेरून द्यावी लागते. नवे प्रोग्राम घड्याळातून घेतात, बटन दाबायले तुम्हाले किती क्षण लागले त्याच्यातून घेतात. म्हणजे उसनंच आणतात. यंत्राच्या आत नशीब तयार होत नाही, मामाजी. हा प्रोग्राम जुना दिसते, तो माणसालेच विचारते, सुरुवातीचा आकडा काय. आता हे वाचा."

तिने परिपत्रकातल्या चौथ्या परिच्छेदावर बोट ठेवले. मी ते परिपत्रक तीनदा वाचले होते. 'संगणकाने विचारल्यावर सुरुवातीचा आकडा (उदा. २७) नमूद करावा.'

दुसऱ्या दिवशी मी परस्पर निवड करणाऱ्या कार्यालयात गेलो. ते कोणते, हे लिहीत नाही. खुर्चीवरची माणसे बदलली आहेत. टेबलामागच्या गृहस्थाने माझे ऐकून घेतले आणि तो खराच दुखावला.

"साहेब, आम्ही मनाचं काहीच टाकलं नाही. परिपत्रकात सत्तावीस हाये, आम्ही सत्तावीसच टाकतो. दर वर्षी. सगळ्या गावांले."

"सगळ्या गावांना?"

"मंग? एका गावाले एक न् दुसऱ्याले दुसरा, हा तर भेदभाव झाला."

"'उदाहरणार्थ' याचा अर्थ काय होतो?"

"तसं करायचं, हाच होते ना साहेब."

म्हणजे तीन वर्षे, त्या कार्यालयाखालच्या प्रत्येक गावात, दर हंगामाला तेच एक शेत मोजले गेले होते. जिथे ते सुपीक निघाले तिथे गाव सुखी, जिथे मुरमाड निघाले तिथे गाव दुःखी, आणि हे मर्जीने होऊ नये म्हणून यंत्र आणलेले, माझ्या पत्रान्वये! मी ओरडलो. टेबलावर हात आपटला. तो माणूस शांतपणे परिपत्रकाकडे बोट दाखवत राहिला. बाहेर आल्यावर मला आठवले की मी स्वतः एकदा एका बाईचे शपथपत्र परत केले होते, कारण नमुन्यात जिथे 'अबक' छापले होते तिथे तिने आपले नाव घातले होते आणि ते रकान्याबाहेर गेले होते.

गावी आलो तो थेट डाकघरात. तो टेबलाशी एकटाच बसला होता. मी उभ्यानेच सगळे सांगितले: घाणा, सत्तावीस, याद्या. शेवटी म्हणालो, "ते पत्र माझं होतं."

"पावती म्याच तर फाडली," तो म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुमी पारावर वाचून राहिले होते तवा माही बायको पानी घेऊन चाललेल्या बायांमंदी उभी होती. अकरा पानं ऐकले तिनं."

"मग पाठवलं कशाला? ठेवून द्यायचं होतं."

"टपाल अडवनं गुन्हा हाये, हायकोर्ट. तुमीच सांगतलं होतं मले एकडाव, कलमासकट."

मी म्हणालो की मी तक्रार मागे घेतो, आजच लिहितो. त्याने हात वर केला.

"कागद नोका लिहू. मले एकच पायजे. पारावर चाला, आत्ता, माह्यासंगं. जसं वाचलं तसं तोंडानं सांगा, का याचा काही दोष नाही. बस."

त्या क्षणी त्याच्यासोबत गेलो असतो तर बहुधा पाच मिनिटे लागली असती. संध्याकाळ होती, पार भरलेला होता. पण मी त्याला समजावू लागलो. नुसत्या तोंडी सांगण्यावर कोण विश्वास ठेवील? कार्यालयाने चूक लेखी मान्य करू दे. आदेश हाती आला की पुराव्यासह वाचतो, मग कोणाची बोलायची छाती होणार नाही. महिनाभर थांबा.

त्याने शिक्का खणात ठेवला.

"आळ घ्याले कोनता आदेश आला होता?" तो म्हणाला. आणि मग, जणू मी गिऱ्हाईक होतो, "टाइम झाला. बंद करून राहिलो."

आदेश महिन्याभरात आला नाही. मी सहा स्मरणपत्रे पाठवली. त्यांच्या पावत्या शेजारच्या गावच्या शिक्क्याच्या आहेत, कारण फाल्गुनात त्याने डाकघराच्या किल्ल्या परत केल्या. अक्षयतृतीयेच्या आधी जमीन ठोक्याने, म्हणजे ठरीव रकमेवर कसायला, देऊन तो अकोल्याला मुलाकडे निघून गेला. जाताना पारावरून गेला तेव्हा मी तिथे होतो. त्याने मला नमस्कार केला नाही, आणि इतरांनाही केला नाही. विहिरीला कुलूप लावले नाही.

आदेश आषाढात आला. चूक मान्य केलेली नव्हती. 'कार्यपद्धतीत सुधारणा' असा शब्द होता. यापुढे सुरुवातीचा आकडा प्रत्येक गावच्या ग्रामसभेत उपस्थितांपैकी कोणीही सांगावा आणि तो इतिवृत्तात नोंदवावा. एवढ्या एका परिच्छेदासाठी मी पाच महिने थांबलो होतो.

श्रावणातल्या ग्रामसभेत मी तो वाचला. याद्या दाखवल्या. सत्तावीस सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकले. आदेशात त्याचे नाव नव्हते, त्यामुळे मी त्याच्याविषयी जे बोललो ते आदेशाबाहेरचे धरले गेले. मग तलाठ्याने पेन उघडले. "सांगा आकडा."

कोणी बोलेना. जो आकडा सांगेल त्याच्याकडे उद्या निवडलेल्या शेताचा जाब मागितला जाईल, हे प्रत्येकाला कळत होते. मागून कोणीतरी म्हणाले, "सत्तावीसच टाका ना बाप्पा," आणि हशा पिकला. शेवटी तलाठी माझ्याकडे वळला. "साहेब, तुमीच सांगा. तुमचंच हे सगळं."

मी आकडा आठवू लागलो आणि माझ्या डोक्यात सत्तावीसखेरीज काही येईना. मग ब्याण्णव आला, तोही वहीतला. सत्तेचाळीस, बत्तीस. मी खिशात हात घातला. पाकिटात एक पावती होती, गेल्या कार्तिकापासून सोबत बाळगलेली, त्याच्या हातची शेवटची: त्या अकरा पानांची. मी तिचे शेवटचे दोन अंक वाचले. एक्केचाळीस. तलाठ्याने लिहून घेतले.

भाद्रपदात यादी आली. पहिला गट पांदणीपलीकडचा, कोरडवाहू, मुरमाड. चौकोन कापला. तोलायला फार वेळ लागला नाही. आमचे गाव त्या वर्षी प्रथमच पन्नासच्या खाली गेले, आणि टँकर आला.

टँकरजवळ लोकांची रांग लागली होती. माझ्यापुढे दोन घागरी घेऊन उभा असलेला माणूस मागे वळून म्हणाला, "मानलं हायकोर्ट तुमाले. तुमचं पत्र खरंच निंगालं."

"कोणतं पत्र?"

"तेच, पारावरचं. पाहा ना, तो गावातून गेला आन् त्याचं शेत निंगनं बंद झालं. सेटिंगच होती."

मी त्याला घाणा सांगितला, सत्तावीस सांगितले, खिशातली पावतीही काढून दाखवली. तो मान हलवत होता. रांग पुढे सरकली.

आजही गावात ही गोष्ट तशीच सांगितली जाते. तिच्याविरुद्ध माझ्याजवळ आदेश आहे, परिपत्रक आहे, तिन्ही याद्या आहेत, सर्व क्रमाने लावून, टाचण मारून. अकोल्याला मी त्यानंतर दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा भाचीच्या घरून परतलो. त्याच्या मुलाचे घर तिथून चार गल्ल्यांवर आहे. त्याला पत्राने काहीही कळवायचे नाही, एवढे मी ठरवले आहे. तोंडाने काय सांगायचे, ते अजून जुळलेले नाही.